अर्धा तास उशिरा वाजलेली घंटा

१

“फाइलमध्ये काय लिहिलंय ते नंतर वाच गं. आधी विचार, वाचतेयस ती फाइल कोणती.”

बाई हे इतक्यांदा सांगायच्या, की पुढे पुढे मी ऐकायचंच सोडलं होतं. आमच्या कंपनीचा पहिला प्रोग्राम बाईंनी लिहिला, मला हाताला धरून काम शिकवलं, आणि त्यांना जाऊन आता पाच वर्षं झाली. त्या सोमवारी त्यांचा आवाज पुन्हा कानात आला, तेव्हा साहेबांच्या टेबलावर एक कागद होता आणि कागदासमोर बिल्डवाले काका, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचं पाठवायचं पाकीट बांधणारे, मान खाली घालून बसले होते.

आम्ही रुग्णालयांतल्या मॉनिटरचा प्रोग्राम करतो. रुग्णाच्या बोटाला चिमटा लावलेला असतो. रक्तातला प्राणवायू उतरला की नर्सच्या टेबलावर घंटा वाजते. एवढंच काम, पण ते लगेच व्हायला हवं. मागच्या बुधवारी एका रुग्णालयात ती वेळेवर वाजली नाही. आठव्या खाटेवर शिवणकाम करणारी एक बाई होती, पोटाचं साधं ऑपरेशन झालेली. वॉर्डात नर्स एकटी, ती दुसऱ्या खाटेशी अडकलेली, घंटेच्या भरवशावर. शिवणारी बाई वाचली. मेंदूला प्राणवायू कमी पडून उजवा हात मात्र गेला. आता तो सुई सोडा, पेलाही धरत नाही.

रुग्णालयाने त्याच दिवशी आमचा जुना प्रोग्राम परत चढवला. नवा प्रोग्राम दुसरीकडे कुठे गेला नव्हता, ही एकच गोष्ट बरी. राहिलं ते एवढंच, की हे केलं कुणी.

कागदावर ते आधीच लिहून ठेवलेलं होतं. बिल्ड करताना मी निष्काळजीपणे चाचणीची सेटिंग वापरली, चूक माझी एकट्याची आहे, मी राजीनामा देत आहे. खाली काकांच्या सहीला जागा. चार वाजता वकील येऊन कागद नेणार होते.

साहेब काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काका, वय होतं. होतं असं.”

बोलणं अगदी प्रेमाचं. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

मी दोन नेम पाळते. सकाळी ऑफिसात आले की पहिला अर्धा तास मौन, डोळे मिटून जप. आणि दिवसभर कुणावरही आवाज चढवायचा नाही. पहिला नेम सुरुवातीला फार जड गेला, कारण चाचणीचे मॉनिटर तेव्हा माझ्याच खोलीत होते आणि सारखे वाजायचे. नंतर ते शेजारच्या खोलीत गेले. दुसरा नेम त्या सोमवारइतका जड कधीच गेला नव्हता.

२

बाहेर आल्यावर काका भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की घटनेच्या आधीच्या गुरुवारचं बिल्ड त्यांनी केलं हे त्यांना लख्ख आठवतंय. ते मीच तपासलं होतं, तपासणी हेच माझं काम. घंटा क्षणात वाजली होती. पण रुग्णालयात गेला तो प्रोग्राम शुक्रवारचा. शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी काकांच्या लॉगिनने बिल्ड झाल्याची नोंद होती. मला त्याचा पत्ताही नव्हता, तपासायला ते माझ्याकडे आलंच नाही. काकांना तसं काही केल्याचं आठवत नव्हतं. दोन दहाला ते जागेवर एकटे होते, म्हणजे साक्षीला कुणी नाही.

“सही करतो ताई,” ते म्हणाले. “माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती. सुरुवात अशीच झाली होती. केलेलं आठवायचं नाही.”

नोकरी दोन वर्षांनी संपणारच होती. काका घाबरले होते ते दुसऱ्याच गोष्टीला. लॉग, म्हणजे ती नोंद, खरी असेल तर आपलं डोकं जायला लागलंय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे साहेबांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच खांद्यावर हात होता.

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. काकांना म्हटलं, “चारपर्यंत पेन हातात धरू नका.” मग त्यांना त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, बिल्ड कसं करता ते करून दाखवा, मी नवी आलेय असं समजा.

ते हसले, पण करून दाखवलं. आधी ते ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये शिरतात, कारण प्रोग्राम आणि खरी सेटिंगची फाइल दोन्ही तिथेच आहेत. मग एकामागून एक अकरा आज्ञा हाताने टाइप करतात. तयार झालेलं पाकीट ‘मूळ’मध्येच पडतं. शेवटी त्याची एक प्रत ‘पाठवणी’ नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतात, तिथून ते बाहेर जातं. ‘मूळ’मधली प्रत काका कधी पुसत नाहीत. नऊ वर्षांची पाकिटं तिथे तारखेवार लागलेली होती. एखाद्या गृहिणीच्या फडताळातल्या डब्यांसारखी.

मी यादी खालपर्यंत पाहिली. गुरुवारचं पाकीट होतं.

शुक्रवारचं नव्हतंच.

३

जेवणाच्या सुट्टीत मी वॉर्डातल्या नर्सला फोन लावला. तिने आधी मला भरपूर सुनावलं. तुमच्या यंत्रावर विसंबले ही माझी चूक, यापुढे मी देवावरही विसंबणार नाही, म्हणाली. मी ऐकून घेतलं. तिचं बरोबर होतं. तिचा राग ओसरल्यावर मी विचारलं, घंटा वाजलीच नाही की उशिरा वाजली?

उशिरा वाजली. पडद्यावरच्या आलेखात प्राणवायू चार बाराला उतरलेला दिसत होता. साडेचारला नर्स त्या खाटेपाशी पोचली तेव्हा शिवणाऱ्या बाईंचे ओठ निळे पडले होते. चार बेचाळीसला डॉक्टर खाटेभोवती उभे असताना घंटा वाजायला लागली. “सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं,” ती म्हणाली. “मी जाऊन घंटेची वायरच उपटली.”

चार बारा ते चार बेचाळीस. तीस मिनिटं.

आता साहेबांचं म्हणणं असं होतं, की काकांनी चाचणीची सेटिंग वापरली. चाचणीच्या फाइलमध्ये आम्ही घंटा मुद्दाम उशिरा वाजवतो हे खरं. चिमटा सारखा लावायचा-काढायचा असतो, दर वेळी घंटा वाजली तर डोकं उठेल. पण त्या फाइलमधला उशीर किती, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. तरी उघडून पाहिली.

दहा.

खऱ्या फाइलमध्ये शून्य. चाचणीच्या फाइलमध्ये दहा मिनिटं. तीस मिनिटं सांगणारी कुठलीतरी तिसरी फाइल होती, आणि तिच्याबद्दल ऑफिसात कुणीच बोलत नव्हतं.

फोन ठेवायच्या आधी नर्सने आठवण करून दिली. शिवणाऱ्या बाईंच्या धाकट्या बहिणीने शनिवारी ऑफिसात फोन केला होता. कुणालाच तो घ्यायचा नव्हता, म्हणून फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, की नुकसानभरपाई वगैरे तुमचे लोक कागदावर लिहितीलच, पण माझ्या अक्काचा हात कुणी घालवला ते मला तोंडी सांगायला कुणीतरी या. मी येईन, असं मी तिला सांगितलं होतं.

“ती रोज पाचला येते,” नर्स म्हणाली. “शनिवारपासून विचारतेय, त्या कंपनीच्या बाई आल्या होत्या का.”

४

साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा ते डबा खात होते. शुक्रवारचं बिल्ड का करावं लागलं, असं मी विचारलं. रुग्णालयाचं नाव पडद्यावर चुकीचं आलं होतं, ते बदलायचं होतं, ते म्हणाले. एवढ्याशा बदलासाठी पुन्हा तपासणी कशाला, म्हणून थेट पाठवलं.

पाठवलं कुणी, मी विचारलं.

काकांनी, लॉग पाहा की. मग तोंडातला घास संपवून म्हणाले, “मॅडम, या माणसांनी उगाच मोठं शास्त्र करून ठेवलंय. एका बटणाचं काम आहे ते.”

मी मान हलवली आणि बाहेर आले. जिन्याच्या कठड्याला घट्ट धरून उभी राहिले. अकरा आज्ञा. नऊ वर्षं मी काकांना अकराच्या अकरा टाइप करताना पाहिलं होतं. बटण कुठलं?

आमच्याकडे संगणकांची देखभाल करणारा एक आहे, त्याला सगळे तारवाला म्हणतात. माणूस वाईट नाही, पण साहेबांच्या केबिनची काच हलली तरी दचकतो. मी गेले तेव्हा तो टेबलाखाली घुसून वायरी बांधत होता. त्याला बाहेर यायला सांगितलं नाही. मीच खाली फरशीवर बसले.

दोन दहाला काय झालं, हे त्याला माहीत आहे की नाही, असं मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. मी हळू आवाजात म्हटलं, “साहेबांच्या संगणकावर तू जे बटण करून दिलंस, ते दाबल्यावर काम कुठल्या फोल्डरमध्ये सुरू होतं?”

वायरीची गाठ त्याच्या हातातच राहिली.

मग सगळं बाहेर आलं. काका रजेवर गेले की काम अडतं, म्हणून साहेबांनी महिन्यापूर्वी बटण मागितलं. अकरा आज्ञा एकत्र बांधून त्याने ते केलं. मुख्य संगणकावर बिल्ड करायची परवानगी फक्त काकांच्या लॉगिनला, म्हणून तेच आत घातलं. काकांना सांगू का, असं त्याने विचारलं होतं. साहेब म्हणाले, कशाला, दुखावतील उगाच.

“घटना घडल्यावर मी साहेबांकडे गेलो होतो ताई. ते म्हणाले, बटणाचं नाव काढलंस तर तुझंच नाव पुढे करीन. मला दोन मुली आहेत.”

“काकांना एक डोकं आहे,” मी म्हटलं. “ते जायला लागलंय असं त्यांना वाटतंय.”

त्याने वायरीची गाठ सोडली. मग म्हणाला, की पाकीट आयतं ‘पाठवणी’मध्ये पडावं म्हणून बटण ‘पाठवणी’तच उभं राहून काम सुरू करतं. प्रोग्राम कुठून घ्यायचा ते आज्ञांमध्ये लिहिलंय.

आणि सेटिंगची फाइल?

“ती काय, बिल्डचं साधन आपणच शोधतं.”

५

शोधतं, पण कसं? मला शिकवणाऱ्या बाईंचा आवाज इथे पुन्हा आला, आणि या वेळी मी ऐकला.

हे साधन ज्या फोल्डरमध्ये उभं असेल तिथे आधी सेटिंगची फाइल बघतं. तिथे नसली तर एक जिना चढतं आणि वरच्या फोल्डरमध्ये बघतं. तिथेही नसली तर आणखी वर. जी पहिली मिळेल ती घेतं आणि लॉगमध्ये लिहितं, ‘सेटिंग सापडली’. कुठे सापडली, ते विचारल्याशिवाय सांगत नाही. काका कायम ‘मूळ’मध्ये उभे राहायचे, खरी फाइल पायाशीच असायची, त्यांना कधी जिना चढावाच लागला नाही. ‘पाठवणी’ हे तयार पाकिटं ठेवायचं फोल्डर. तिथे फाइल असायचं कारणच नाही. म्हणजे तिथून साधन वर गेलं असणार.

सव्वातीन वाजले होते. मी माझ्या जागेवर येऊन ‘पाठवणी’त शिरले आणि शोध कुठे कुठे घेतलास तेही सांग, अशी आज्ञा जोडून साधन बिल्ड न करता नुसतं शोधापुरतं चालवलं. पडद्यावर ओळी उमटल्या.

‘पाठवणी’: नाही.

‘साठा’: सापडली.

‘साठा’ म्हणजे सगळ्यात वरचं फोल्डर, ज्याच्या पोटात ‘मूळ’ही आहे आणि ‘पाठवणी’ही. तिथे कुणी कधी डोकावत नाही. मी फाइल उघडली. दोनच ओळी. घंटेचा उशीर: तीस मिनिटं. त्यावर एक टीप: सकाळपुरतं.

मी फाइलचा मालक पाहिला.

लॉगिन माझं होतं.

तारीख तीन वर्षांपूर्वीची. मॉनिटर माझ्या खोलीत होते तेव्हाची. सगळं एकदम आठवलं. सकाळी डोळे मिटले की चारही मॉनिटर कोकलायचे, म्हणून एके दिवशी मी चाचणीची पाकिटं माझ्या अर्ध्या तासाच्या मापाने करून घेतली. चारही मॉनिटरना एकच फाइल लागू व्हावी म्हणून ती सगळ्यांच्या वर ठेवली. पुढे मॉनिटर दुसऱ्या खोलीत गेले. फाइल राहिली. माझं मौन सुखरूप पार पडत होतं, त्यामुळे ती आठवायचं कारणच उरलं नाही.

दिवसभर मी साहेबांवर धुमसत होते. आता तो राग वळून माझ्याकडेच पाहायला लागला.

खोलीत कुणी नव्हतं. फाइल पुसायला एक आज्ञा पुरली असती. बटण साहेबांचं, लॉगिन काकांचं, आणि फाइल कुठलीच नाही. तारवाल्याने तोंड उघडलं होतंच. काका सुटले असते, साहेब अडकले असते, आणि उद्या सकाळी मी पुन्हा डोळे मिटून बसले असते.

मी हात मांडीवर ठेवले आणि पाच मिनिटं तशीच बसले. मग त्या ओळी कागदावर छापून घेतल्या.

६

पावणेचारला मी साहेबांच्या खोलीत गेले. काका आधीच येऊन बसले होते, पेन खिशात. तारवाला माझ्या मागे दारात उभा. मी साहेबांना म्हटलं, जरा उठा, आणि त्यांच्या खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत मी त्या खुर्चीला हातही लावला नव्हता.

त्यांच्या पडद्यावर कोपऱ्यात ते बटण होतं. पाकीट बाहेर जाऊ नये म्हणून तारवाल्याने ‘पाठवणी’ची वाट आधीच बंद केली होती. मी दाबलं. सहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी काकांना सगळं सांगितलं. अकरा आज्ञा, त्यांचं लॉगिन, ‘मूळ’मध्ये नसलेली प्रत, साधनाचा तो जिना आणि वर सापडलेली तीस मिनिटांची फाइल. बिल्ड संपलं तेव्हा नोंदीत काकांच्या लॉगिनने नवी ओळ उमटली, आणि काका माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले होते.

“शुक्रवारचं मी केलं नव्हतं?” त्यांनी विचारलं.

“नाही काका.”

“म्हणजे मी विसरलो नाही.”

“नाही.”

त्यांनी तेच आणखी एकदा विचारलं. मीही तेच उत्तर आणखी एकदा दिलं.

साहेब खिडकीशी गेले, परत आले. बटण दाबणं हा काही गुन्हा नाही, म्हणाले, तीस मिनिटांची फाइल तर मी ठेवली नव्हती. ती कुणी ठेवली तेही शोधा की.

मी छापलेला कागद टेबलावर ठेवला. फाइलच्या मालकाच्या नावाखाली मीच रेघ मारली होती.

त्यांनी वाचलं. चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव आला. दार लोटून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला. काकांची दोनच वर्षं राहिलीत, त्यांना मी मानाने मोकळं करतो, पगार पूर्ण देतो. तुम्ही मला सांभाळा, मी तुम्हाला सांभाळतो. काका तिथेच, चार हातांवर बसलेले होते.

“मॅडम, शांतपणे विचार करा,” ते म्हणाले.

“मी शांतच आहे साहेब. तेच तुमच्या लक्षात येत नाहीये.”

माझा आवाज चढला नाही. कागद मी टेबलावर दाबून धरला. मी त्यांना सांगितलं, की फाइल माझी, न तपासता प्रोग्राम पाठवणारं बटण तुमचं, आणि हे सगळं माहीत असून एका माणसाला त्याचं डोकं फिरलंय असं पटवत राहिलात तेही तुमचंच. ते तर चुकून झालेलं नाही. हे तिन्ही लिहून मी कंपनीच्या मालकांना आणि रुग्णालयाला पाठवलंय, दहा मिनिटांपूर्वी. तारवाल्याने खाली सही केलीय.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. तारवाला दचकला नाही.

काका उठले. राजीनाम्याचा कागद त्यांनी घडी घालून खिशात टाकला. तो इथेच राहू द्या, असं साहेब म्हणाले. काका म्हणाले, “घरी दाखवतो. चार दिवस बायको माझ्याकडे चोरून बघतेय, गॅस बंद केला की नाही ते मागून येऊन तपासतेय. तिलाही कळू दे.”

जाताना ते माझ्यापाशी थांबले. आभार मानतील असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

“तीन वर्षांत एकदा बोलला असतात ताई,” ते म्हणाले. “तो जिना मी स्वतः झाडून दिला असता.”

७

जागेवर आले. ती फाइल आता पुसायची नव्हती, चौकशीला लागणार होती. मी तिच्या टिपेखाली आजची तारीख, माझं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला.

शेजारच्या खोलीत मॉनिटर वाजत होते. मी दोन खोल्यांमधलं दार उघडलं आणि ते परत मिटू नये म्हणून खाली वीट लावली. उद्या सकाळी जप होईल की नाही ठाऊक नव्हतं. झाला तर या आवाजात होईल.

तारवाला म्हणाला, ताई, मी सोडतो गाडीने. मी नको म्हटलं. वाटेत चालताना त्या धाकट्या बहिणीशी काय बोलायचं ते जुळवायचं होतं. आधी माझं नाव सांगायचं एवढं ठरलं होतं. साहेबांचं नंतर. आधी त्यांचं सांगितलं असतं तर माझं ऐकताना तिचा राग अर्धा झाला असता, आणि ती सूट मला नको होती.

साडेचार वाजले होते. वॉर्ड भेटीसाठी पाचला उघडतो. मी पदर नीट केला, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले.